दुखरा गुडघा आणि रोजचे घर

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड गुडघ्यात जिथे एकमेकांवर टेकतात, तिथे दोन्ही हाडांच्या टोकांवर पांढरट, गुळगुळीत, किंचित लवचीक असे आवरण असते. त्याला कूर्चा म्हणतात. तिची जाडी जेमतेम काही मिलिमीटर असते. शरीरातली सर्वांत जाड कूर्चा गुडघ्याच्या वाटीच्या मागच्या बाजूला असते, आणि तीही पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे क्वचितच जाते. दोन हाडांच्या मध्ये धक्के झेलणाऱ्या चंद्रकोरीसारख्या दोन गाद्या असतात. सांध्याभोवतीच्या पिशवीच्या अस्तरातून अंड्याच्या पांढऱ्या भागासारखा चिकट द्रव पाझरत असतो. उतारवयात सर्वांत जास्त आढळणारा संधिवात, ज्याला डॉक्टर ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात, हा या साऱ्या रचनेचाच आजार आहे. कूर्चा पातळ होते, तिला चिरा पडतात, तिच्याखालचे हाड कठीण होते, हाडाच्या कडांना कंगोरे फुटतात, अस्तर अधूनमधून सुजते आणि भोवतालचे स्नायू रोडावतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगभरात सुमारे ५२.८ कोटी लोकांना हा आजार होता आणि त्यांपैकी ३६.५ कोटी लोकांचे दुखणे गुडघ्याचे होते. रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण साठ टक्क्यांच्या आसपास आहे.

कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातल्या द्रवातून होते आणि त्यासाठी दाब लागतो. पाऊल टेकले की ओल्या स्पंजासारखी ती दाबली जाते आणि तिच्यातले पाणी बाहेर पडते. पाऊल उचलले की ती पुन्हा फुगते आणि ताजा द्रव शोषून घेते. चालत्या माणसात हे दिवसाला हजारो वेळा घडते, खाटेवर पडून राहणाऱ्यात जवळजवळ थांबते. संधिवात सांभाळायचा तो सांध्यावरचा भार उतरवून आणि त्याची हालचाल टिकवून. बहुतेक घरांत मात्र उलटे घडते. गुडघा दुखू लागला की फिरणे बंद होते, घरातल्या घरात खुर्ची बदलणे एवढीच ये-जा उरते आणि वजन वाढत जाते.

याला बोलण्यातले शब्दही थोडेफार कारणीभूत आहेत. ‘वाट्या झिजल्या’, ‘वंगण संपलं’, ‘गॅप पडलाय’ असे लोक म्हणतात. झीज म्हटले की टायर आठवतो, आणि टायर वाचवायचा तर गाडी उभी ठेवावी असे कोणालाही वाटेल. पण कूर्चा रबराची नाही, ती जिवंत आहे. ‘गॅप’ची गोष्टही लोक समजतात त्याच्या उलट आहे. एक्स-रेमध्ये कूर्चा दिसत नाही, त्यामुळे निरोगी गुडघ्यात दोन हाडांच्या मध्ये रिकामी फट दिसते. कूर्चा पातळ होते तशी ही फट अरुंद होते. म्हणजे दुखऱ्या गुडघ्यात गॅप पडलेला नसतो, होता तो कमी झालेला असतो. एक्स-रेवरून झिजेच्या पायऱ्या ठरवण्याची शून्य ते चार ही पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये मांडली. ती आजही वापरात आहे. पण तिसऱ्या पायरीचा गुडघा घेऊन रोज बाजारहाट करणारी माणसे असतात आणि पहिल्या पायरीवर रात्रभर कण्हणारीही असतात. दुखणे कूर्चेतून येत नाही, कारण तिच्यात मज्जातंतूच नाहीत. ते हाड, अस्तर, स्नायूबंध आणि थकलेले स्नायू यांतून येते. म्हणून एक्स-रेचा कागद पाहून धीर सोडण्याचे कारण नसते.

कोणता संधिवात

पुणे जिल्ह्यात उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी भिगवण आहे. हिवाळ्यात रोहित पक्षी पाहायला लोक तिथे जातात. संधिवाताच्या अभ्यासकांना हे गाव वेगळ्या कारणाने माहीत आहे. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कॉपकॉर्ड’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाखाली इथल्या चार हजारांवर प्रौढांची घरोघर पाहणी केली. सुमारे अठरा टक्के लोकांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा पाठीचे काही ना काही दुखणे होते. रुमॅटॉइड म्हणजे आमवात मात्र साधारण दोनशे माणसांत एकालाच होता. सांधे दुखणाऱ्या प्रत्येकाला एकच आजार नसतो आणि एकच औषध चालत नाही, हे या पाहणीत आकड्यांनी दिसले.

आयुर्वेदात हा फरक फार पूर्वी केलेला आहे. सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन चरकसंहितेत येते, तर आमवाताला वेगळा आजार म्हणून माधवनिदानाने जागा दिली. घरी ओळखण्याची सोपी खूण सकाळच्या आखडण्यात आहे. ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये उठल्यावर सांधा धरतो, पण चहा होईपर्यंत, फार तर अर्ध्या तासात मोकळा होतो. दिवसभराच्या कामाने दुखणे वाढते, विश्रांतीने उतरते. आमवातात सकाळचे आखडणे तासभर किंवा त्याहून अधिक टिकते, दोन्ही हातांची बोटे आणि मनगटे सारखीच सुजतात, थकवा येतो आणि वयाच्या तिशी-चाळिशीतही तो गाठू शकतो. शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्यामुळे तो होतो. लवकर औषध सुरू केले नाही तर बोटे वाकडी होतात. तिथे तेल चोळत बसण्यात गेलेले महिने परत मिळत नाहीत. या आजारातले मुख्य औषध मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. चुकून ते रोज घेतले गेले तर जिवावर बेतते, म्हणून घरातल्या कोणीतरी वार ठरवून गोळी हातात देणे चांगले.

चिकनगुनिया हे सांधेदुखीचे आणखी एक कारण आहे. टांझानियातल्या माकोंडे भाषेतला हा शब्द दुखण्याने वाकून गेलेल्या माणसाचे वर्णन करतो. २००६ च्या मोठ्या साथीत महाराष्ट्रातल्या असंख्य घरांना त्याचा अर्थ कळला. ताप चार दिवसांत जातो, पण घोटे, मनगटे आणि बोटे कित्येक महिने दुखत राहू शकतात. युरिक ॲसिडचा संधिवात बहुधा पायाच्या अंगठ्यात, मध्यरात्री, चादरीचा स्पर्शही सहन होऊ नये अशा ठणक्याने सुरू होतो. नुसता रक्तातला आकडा थोडा वाढला म्हणून गुडघेदुखीचे खापर युरिक ॲसिडवर फोडता येत नाही.

एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला तर सांध्यात जंतूंनी शिरकाव केलेला असू शकतो. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पडल्यानंतर पायावर भार देता न येणे, गुडघा अडकून सरळच न होणे, कारण नसताना वजन उतरणे, या गोष्टीही घरगुती उपायांत बसणाऱ्या नाहीत.

जमिनीवरचे घर

मराठी घरातला दिवस पूर्वापार जमिनीवर चालत आला. भाजी चिरायची ती विळीवर, जेवायचे पाटावर, धुणे मोरीत उकिडवे बसून, पूजा देवघरापुढे मांडी घालून, झोपणे सतरंजीवर, आणि संडासही उकिडवे बसण्याचा. निरोगी गुडघ्याला यातले काही वावगे नाही. जमिनीवरून हात न टेकता उठता येणे ही उतारवयातली मोठी मिळकत आहे, आणि ज्याला ते न दुखता जमते त्याला थांबवू नये. दुखऱ्या गुडघ्याचे गणित वेगळे असते.

विळीवर तासभर बसलेली साठीची बाई उठते तेव्हा काय होते ते जवळून पाहावे. ती आधी विळी मिटून लांब सरकवते. एक हात भिंतीवर जातो, दुसरा मांडीवर. अंग पुढे झुकते, एक गुडघा टेकतो, ‘आई गं’ नकळत निघते आणि ती अर्धी उभी राहते. तशीच वाकलेली दोन-तीन पावले टाकते आणि मग कुठे पाठ ताठ होते. गुडघा पूर्ण वाकलेला असताना मांडीचा पुढचा स्नायू वाटीला मांडीच्या हाडावर जोराने दाबून धरतो. उठताना सगळे शरीर त्याच स्नायूला वर उचलावे लागते, म्हणून कळ वाटीच्या मागून येते. नंतरची वाकलेली पावले आखडलेला सांधा सैल करत असतात. अशा वेळी घाई करून लगेच ताठ होण्यापेक्षा उठण्याआधीच बसल्याजागी पाय चार-पाच वेळा लांब-आखूड केले तर कळ कमी लागते.

गुडघ्यावर नेमका किती भार येतो हे बर्लिनमधल्या संशोधकांनी कृत्रिम गुडघ्यांतच मोजणारी उपकरणे बसवून पाहिले. २०१० मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे सपाट जमिनीवर चालताना शरीराच्या वजनाच्या अडीच पटींहून थोडा अधिक, जिना चढताना तिपटीहून थोडा अधिक आणि उतरताना साडेतीन पटींच्या जवळपास भार येतो. साठ किलोची व्यक्ती जिना उतरते तेव्हा गुडघ्याला दोनशे किलोंचा हिशोब द्यावा लागतो. उकिडवे बसण्याबाबत बीजिंगमधला २००४ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. तरुणपणी दिवसातला बराच वेळ उकिडवे बसलेल्या लोकांत म्हातारपणी गुडघ्याचा संधिवात अधिक आढळला. आपल्याकडच्या मोऱ्या, शेतातली खुरपणी आणि भातलावणी पाहता हा निष्कर्ष परका वाटत नाही.

म्हणून पहिले काम घराची उंची वाढवण्याचे. भाजी ओट्यावर सुरीने चिरावी, विळी ओट्यावर ठेवायचा मोह टाळावा. पोळ्या उभ्याने लाटताना एक पाय छोट्या पाटावर ठेवून थोड्या थोड्या वेळाने पाय बदलला की कंबर आणि गुडघा दोघांनाही विसावा मिळतो. धुण्याची बादली स्टुलावर चढवावी. फरशी लांब दांड्याच्या मॉपने पुसावी; ओले फडके घेऊन रांगत पुसण्यानेच फरशी स्वच्छ होते ही समजूत अनेक गुडघ्यांना महाग पडली आहे. देवघर जमिनीवरून भिंतीवरच्या फळीवर आणले किंवा पूजेला स्टुलावर बसले तर देवाची गैरसोय होत नाही. बसायची खुर्ची अशी हवी की बसल्यावर गुडघे खुब्यांपेक्षा वर राहू नयेत. साधारण अठरा इंच उंची आणि दोन्ही बाजूंना हात असले की पुरे. खोल बुडणारे सोफे दिसायला छान, पण त्यांतून उठताना गुडघ्यालाच सगळा जोर लावावा लागतो. जुनी खुर्ची चांगली असेल तर बैठकीवर घट्ट गादी टाकून दोन इंच उंची मिळवता येते.

संडास हा विषय घरात बोलायला लोक संकोचतात आणि त्यामुळे तिथलीच दुरुस्ती शेवटी होते. कमोड बसवणे शक्य नसेल तर भारतीय पद्धतीच्या भांड्यावर ठेवायची कमोडची खुर्ची बाजारात मिळते. शेजारच्या भिंतीत पक्का दांडा बसवून घ्यावा. टॉवेलची सळई आधाराला धरणे धोक्याचे, ती वजन पेलण्यासाठी नसते. न्हाणीघरात न घसरणारी चटई आणि रात्री चालू राहणारा छोटा दिवा या दोन गोष्टींनी खुब्याची अनेक हाडे वाचतात. गुडघा दुखणारा माणूस अडखळला की लवकर सावरत नाही आणि म्हातारपणातल्या पडण्याची किंमत गुडघेदुखीपेक्षा फार जास्त असते.

जिन्याचा एक साधा नियम आहे: चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. म्हणजे शरीर उचलण्याचे आणि सावकाश खाली सोडण्याचे जड काम दोन्ही वेळा चांगल्या पायाकडे जाते. एसटीची पहिली पायरी उंच असते. तिथेही चांगला पाय आधी, हात दांड्यावर, पिशवी बरोबरच्याकडे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची, हे बहुतेकांना सांगावे लागते. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात, आणि उजवे पाऊल टाकताना ती बरोबर पुढे पडायला हवी. सरळ उभे राहून हात सैल सोडला की मनगटाच्या सुरकुतीपर्यंत काठीची मूठ यावी. काठीचे टोक रबरी असावे आणि ते गुळगुळीत झाले की बदलावे. काठी घेतली म्हणजे म्हातारपण मान्य केले, अशा विचाराने ती दाराआड उभी करून ठेवणारे लोक चालणेच सोडतात. हा सौदा तोट्याचा आहे.

रात्री गुडघ्याखाली उशी घेऊन झोपायची सवय अनेकांना असते. दुखणे कमी वाटते हे खरे, पण महिनोन्महिने तसे झोपले की गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो आणि पूर्ण सरळ होणे बंद होते. सरळ न होणाऱ्या पायाने चालताना मांडीचा स्नायू सतत ताणात राहतो. त्यामुळे उशी थोडा वेळ चालेल, रात्रभर नको.

हातांचे दुखणे बहुधा अंगठ्याच्या मुळाशी सुरू होते. ओले कपडे पिळणे, कणीक मळणे, बरणीचे घट्ट झाकण उघडणे, या तिन्ही कामांत अंगठा मुरगळला जातो. कपडा नळाला वेढा घालून दोन्ही तळव्यांनी पिळला तर बोटांवरचा जोर जातो. झाकणाखाली ओले फडके धरून तळव्याने फिरवावे, जड कढई दोन हातांनी उचलावी, सुरी-झाऱ्याच्या दांड्याला कापड गुंडाळून जाड करावे. बोटांच्या पेऱ्यांना गाठी येऊ लागल्या तर अंगठ्या वेळेत काढून ठेवाव्यात, नंतर त्या कापाव्या लागतात.

दिवाळीच्या फराळात कामाचे वाटप कसे चुकते ते दिसते. चकलीचे पीठ मळणे, पिळायचा सोऱ्या फिरवणे आणि तळणीपुढे उभे राहणे एकाच दिवशी उरकायचे ठरते, आणि पुढचे तीन दिवस सुजलेल्या गुडघ्यावर शेक चालू राहतो. तेच काम चार दिवसांत वाटून घेतले, अर्ध्या तासाने खुर्ची जवळ केली आणि सोऱ्या घरातल्या तरुण हातांकडे दिला तर चकल्याही होतात आणि पाडव्याला माणूस चालताही राहतो. बरे वाटते त्या दिवशी साठलेली सगळी कामे काढायची आणि मग आठवडा अंथरुणात, हे चक्र मोडणे अवघड आहे, कारण ते कामसू माणसांचे चक्र आहे.

पावसाळ्यात आणि थंडीत सांधे जास्त दुखतात असा सार्वत्रिक अनुभव आहे. अभ्यासांचे निष्कर्ष याबाबत एकमुखी नाहीत. एक गोष्ट मात्र उघड आहे: पाऊस लागला की फिरणे बंद होते आणि आखडणे वाढते. तेव्हा घरातच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये किंवा लांब व्हरांड्यात फेऱ्या मारून चालणे टिकवावे. आखडलेल्या सांध्याला गरम शेक चांगला, ताज्या सुजेला आणि गरम झालेल्या सांध्याला बर्फ फडक्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटे.

मांडीचा स्नायू

गुडघ्याचा खरा आधार मांडीच्या पुढच्या स्नायूत असतो. तो बळकट असला की धक्का आधी तो झेलतो. दुखण्याच्या भीतीने पाय वापरला नाही की हाच स्नायू सर्वांत आधी आटतो. दोन्ही मांड्यांचा घेर मापटेपने मोजला तर दुखऱ्या बाजूची मांडी बारीक झालेली पुष्कळदा सापडते.

पहिला व्यायाम बिछान्यातच होतो. पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवावा, गुडघ्याने तो खाली दाबावा, पाच आकडे मोजावे आणि सोडावा. वाटीच्या वर मांडीचा स्नायू टणक झालेला हाताला जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर व्यायाम चुकतो आहे. दुसऱ्यात एक गुडघा वाकवून दुसरा पाय सरळ ठेवत बिछान्यापासून फूटभर उचलायचा आणि सावकाश टेकवायचा. तिसरा खुर्चीवरून उठण्याचा. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीच्या पुढच्या भागात बसावे, पावले थोडी मागे घ्यावीत, अंग पुढे झुकवावे, हातांचा आधार शक्य तितका कमी घेत उठावे. उठण्यापेक्षा बसणे महत्त्वाचे आहे. धपकन न बसता तीन आकडे मोजत खाली यावे, कारण याच उतरण्यात स्नायू सर्वांत चांगला तयार होतो. प्रत्येक व्यायाम आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. यांत थोडे दुखणे चालते. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत दुखणे पहिल्यासारखे झाले नाही, तर प्रमाण निम्मे करावे, व्यायाम बंद करू नये. फरक दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात. दोन आठवड्यांत सोडून देणाऱ्यांना व्यायामाचा उपयोग होत नाही, असे वाटत राहते.

आता या वयात कसले स्नायू येणार, या शंकेला १९९० मधल्या बॉस्टनच्या एका प्रयोगाचे उत्तर आहे. वृद्धांच्या निवासी संस्थेतल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना मांडीच्या स्नायूंसाठी वजनाचा व्यायाम दिला गेला. नऊ जणांनी आठ आठवडे तो पूर्ण केला आणि त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. सत्तरीतल्या माणसाला उशीर झाला असे त्यानंतर म्हणता येत नाही.

चालण्यासाठी सपाट जागा आणि पायाला धरून बसणारी, उंच टाच नसलेली चप्पल किंवा बूट हवेत. सलग तासभर जमत नसेल तर दहा मिनिटांच्या तीन फेऱ्या तेवढ्याच उपयोगाच्या. एका जागी उभी असलेली सायकल आणि पोहण्याच्या तलावात छातीभर पाण्यात चालणे हे जास्त दुखणाऱ्यांसाठी चांगले पर्याय आहेत.

वजन आणि ताट

जाड व्यक्तींच्या एका अमेरिकी अभ्यासात (२००५) असे दिसले की वजन एक किलो उतरले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. अमेरिकेतल्याच फ्रेमिंगहॅम शहरातल्या दीर्घ पाहणीत दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन कमी केलेल्या स्त्रियांत गुडघ्याच्या दुखऱ्या संधिवाताचा धोका निम्म्यावर आला होता. हे आकडे कोणत्याही तेलापेक्षा मोठे आहेत.

ताटाबाबत मात्र घरोघरी नको त्या गोष्टी बंद होतात. आंबट बंद, दही बंद, वाल-वाटाणा-हरभरा वातूळ म्हणून बंद, मग डाळही बंद. उरतो तो भात, पोळी, चहा आणि बिस्किटे. त्याने वजन वाढते आणि स्नायूंना लागणारी प्रथिने मिळत नाहीत. पचनाला काही जड वाटत असेल तर ते टाळणे ठीक, पण दही किंवा लिंबू खाल्ल्याने कूर्चा झिजते याला आधार नाही. युरिक ॲसिडच्या संधिवातात मद्य, विशेषतः बिअर, आणि काळीज-गुर्द्यासारखे मांस टाळावे लागते. डाळी आणि पालक यांचा त्या दुखण्याशी मोठ्या पाहण्यांत संबंध आढळला नाही.

गोळ्या, पुड्या, इंजेक्शने

गुडघ्याला आणि हाताला लावायची डायक्लोफिनॅकची जेल ही पहिली पायरी, कारण ती जिथे लावली तिथेच काम करते आणि रक्तात फार थोडी जाते. त्याच गटातल्या पोटात घ्यायच्या गोळ्या परिणामकारक असतात, पण त्या जठरात व्रण करतात, रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडांवर ताण आणतात. रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असताना त्यांत ही तिसरी मिसळली की मूत्रपिंडांचा धोका बराच वाढतो. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकचा अंश मेलेल्या गुरांच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेला आणि मूत्रपिंडे निकामी होऊन देशातली बहुतेक गिधाडे नाहीशी झाली, म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाचे शरीर ते पुष्कळ चांगले पेलते. तरीही औषधाच्या दुकानातून चिठ्ठीविना आणलेली पाकिटे महिनोन्महिने संपवणे हा लहान धोका नाही. पॅरासिटॅमॉल त्यामानाने सौम्य, उपयोगही बेताचा. सर्दीच्या आणि दुखण्याच्या अनेक मिश्र गोळ्यांत ते आधीच असते, तेवढे पाकिटावर वाचून घ्यावे.

सर्वांत फसवा प्रकार नाव-गाव नसलेल्या पुड्यांचा आहे. जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या आणि दोन दिवसांत नाचायला लावणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. काही महिन्यांत चेहरा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आणि पुडी एकाएकी बंद केली तर माणूस कोसळतो, कारण शरीराने स्वतःचे स्टेरॉइड बनवणे थांबवलेले असते. अशी पुडी चालू असेल तर डॉक्टरांना ते न लपवता सांगणे जरुरीचे आहे. शिकलेल्या वैद्याने दिलेले तेल, शेक किंवा गुडघ्यावर कोमट तेल धरून ठेवणारी जानुबस्ती ही वेगळी गोष्ट. उबेने आणि मालिशीने आखडलेपणा सुटतो हे खरे आहे.

ग्लुकोसामाइनच्या गोळ्या महाग असतात आणि भरपूर खपतात. अमेरिकेत २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी खर्चाच्या मोठ्या चाचणीत एकूण रुग्णांत त्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. गुडघ्यात दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. लग्नकार्य किंवा प्रवास समोर असेल तर त्याला अर्थ आहे. पण दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते दिलेल्या रुग्णांत कूर्चा अधिक पातळ झाली, हे २०१७ मध्ये दिसले. स्वतःच्या रक्तातून काढलेल्या पीआरपीच्या इंजेक्शनांना २०२१ च्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मिठाच्या पाण्यापेक्षा जास्त गुण आला नाही.

शस्त्रक्रिया

दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याची शस्त्रक्रिया एके काळी सर्रास होत असे. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी १८० रुग्णांवर तिची परीक्षा घेतली. काहींना खरी शस्त्रक्रिया, काहींना नुसता चिरा आणि टाके. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांचे दुखणे सारखेच होते.

कृत्रिम गुडघ्याची गोष्ट वेगळी आहे. व्यायाम, वजन आणि औषधे नीट करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घराच्या कोपऱ्यापर्यंत जाणे जमत नसेल तर ही शस्त्रक्रिया चांगला गुण देते. तिला ‘वाटी बदलणे’ म्हणतात, पण वाटी बहुधा रुग्णाची स्वतःचीच राहते. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या खराब टोकांवर धातूच्या टोप्या बसवतात आणि मध्ये प्लास्टिकची गादी ठेवतात. तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईत डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ही शस्त्रक्रिया केली, आणि त्या बातम्यांनी ती घरोघर पोचली. ऑगस्ट २०१७ पासून कृत्रिम सांध्याच्या भागांच्या किमतींवर केंद्र सरकारची कमाल मर्यादा आहे. बिलात त्या भागांची किंमत वेगळी दाखवलेली असते, ती पाहून घ्यावी. सुमारे ऐंशी टक्के कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षे टिकतात. म्हणून पन्नाशीत घाई करू नये, आणि स्नायू पार आटून पाय वाकडा होईपर्यंत ताणूही नये.

शस्त्रक्रियेच्या आधी मांडीचे जे व्यायाम केलेले असतात तेच नंतर कामी येतात. बहुतेक रुग्णांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन उभे करतात. पहिले सहा आठवडे गुडघा वाकवण्याचे आणि पूर्ण सरळ करण्याचे रोजचे काम दुखत दुखतच करावे लागते. त्या दिवसांत चुकवलेली हालचाल पुढे मिळवणे कठीण जाते. नवा गुडघा चालायला आणि जिना चढायला चांगला असतो, पण पूर्ण वाकत नाही, त्यामुळे उकिडवे बसणे बहुतेकांना सोडावे लागते. ओट्यावर आलेली भाजी, हात असलेली उंच खुर्ची, कमोड आणि भिंतीतला पक्का दांडा शस्त्रक्रियेनंतरही तसेच ठेवावे लागतात.